मका त्यांचा, नियम कुणाचे? : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेशी व्यापाराची बोलणी निघाली की जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, मका आणि सोयाबीनचा विषय हटकून येतो, आणि आमच्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. या वेळच्या बऱ्याच पत्रांत मेक्सिकोचे नाव आहे. त्या खटल्यात आपल्यालाही शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून निम्मी जागा त्यालाच दिली आहे.

मेक्सिकोने आपल्या लोकांनी जीएम मका खायचा नाही असे ठरवले, अमेरिकेने त्याविरुद्ध तक्रार केली आणि ती जिंकलीही, असे वाचले. आपल्या चुलीवर काय शिजवायचे हे शेजारी कसा ठरवतो? — मका उत्पादक, भोकरदन, जि. जालना

आधी क्रम पाहू. ३१ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने फर्मान काढले की ३१ जानेवारी २०२४ पर्यंत ग्लायफोसेट हे तणनाशक आणि माणसाच्या खाण्यातला जीएम मका दोन्ही हद्दपार होतील. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी ते मागे घेऊन दुसरे काढले. त्यात मासा आणि तोर्तिया, म्हणजे मक्याचे मळलेले पीठ आणि त्याच्या पोळ्या, यांत जीएम मका वापरायला तत्काळ बंदी आली. पशुखाद्य आणि कारखान्यांसाठीचा जीएम मका हळूहळू बदलायचा, असेही त्यात होते. ‘हळूहळू’ला तारीख मात्र नव्हती. अमेरिकेने मार्च २०२३ मध्ये तांत्रिक चर्चा मागितली, जूनमध्ये औपचारिक सल्लामसलत झाली, ऑगस्टमध्ये तंट्याचा निवाडा करणारे तीन सदस्यांचे पॅनेल मागितले. कॅनडा तिसरा पक्ष म्हणून आत आला. २० डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला आणि अमेरिकेचे सातही मुद्दे मान्य झाले. मेक्सिकोने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती कलमे निष्प्रभ केल्याचे जाहीर केले.

आता तुमचा खरा प्रश्न. १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्याचे स्वतंत्र प्रकरण आहे, नववे. बंदी घालण्याचा हक्क ते काढून घेत नाही. बंदी एकतर आंतरराष्ट्रीय मानकांवर उभी हवी, नाहीतर रीतसर जोखीम-मूल्यमापनावर, एवढी अट ते घालते. मूल्यमापन म्हणजे चार गोष्टी: धोका नेमका कशाचा, तो माणसाच्या पोटात किती जातो, कोणत्या रूपात जातो, आणि त्यातून अपाय होण्याची शक्यता किती. त्याचा कागद तयार करायचा, दुसऱ्या देशाला वाचायला द्यायचा, हरकती मागवायच्या, आणि बंदीपेक्षा कमी अडथळ्याचा उपाय चालतो का तेही तपासायचे. मेक्सिकोने त्यांच्या विज्ञान परिषदेने जमवलेल्या शास्त्रीय लेखांची मोठी चळत पुढे ठेवली. पण लेखांचा संग्रह म्हणजे मूल्यमापन नव्हे, आणि केस तिथेच ढासळली.

याची हळहळ वाटते, कारण मेक्सिकोचा एक मुद्दा खरोखर भक्कम होता. तिथला माणूस मका तोंडी लावत नाही, त्यावर जगतो. दिवसाचे दोन-तीन जेवण तोर्तियावर. अमेरिकेत मान्यता देताना धरलेले मक्याचे रोजचे प्रमाण त्याला लागू कसे पडेल? हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क मेक्सिकोला होता. पण त्यासाठी आहाराची पाहणी, चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्यात उरणारा अंश आणि त्यावरून काढलेली मर्यादा, एवढे काम फर्मानाच्या आधी व्हायला हवे होते. ते बंदीनंतर करू म्हटले की तंट्यात टिकत नाही. युरोपलाही हा धडा मिळाला होता. २००३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिना यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. युरोपने नव्या जीएम पिकांच्या अर्जांवर निर्णयच घेणे थांबवले होते. २००६ च्या निकालात हा अवाजवी विलंब ठरला. जीएम अन्न चांगले की वाईट, हे त्या निकालाने ठरवलेच नाही.

मका मूळचा मेक्सिकोचाच ना? मग तो परदेशातून घ्यावा का लागतो? — विद्यार्थिनी, पुणे

मूळचा तिथलाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते या रानगवतापासून बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसाने मका घडवला. पण तिथे मक्याच्या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. तोर्तियाचा पांढरा मका देशातच पुरेसा पिकतो. कोंबड्या, डुकरे आणि स्टार्चचे कारखाने पिवळ्या मक्यावर चालतात, आणि तो वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक अमेरिकेतून येतो, जवळजवळ सगळा जीएम. १९९४ च्या नाफ्टा या तिन्ही देशांच्या आधीच्या व्यापार करारानंतर मक्यावरचे शुल्क पायरीपायरीने उतरत २००८ मध्ये संपले आणि कोंबडीपालनाचा सगळा हिशेब या स्वस्त मक्यावर बसला. म्हणून तोर्तियावरच्या बंदीने अमेरिकी शेतकऱ्याचे फारसे बिघडत नव्हते. त्याला घोर लागला तो पशुखाद्याबद्दलच्या त्या ‘हळूहळू’चा.

मी मक्याचे बीजोत्पादन घेतो. विलगीकरण काटेकोर पाळतो. आयात केलेला मका तर दाणा म्हणून येतो, पेरायला नाही. मग त्याने तिथल्या गावरान वाणांना धोका कसा? — बीजोत्पादक, सिल्लोड

तुम्हाला हे समजावणे सोपे जाईल. प्रमाणित बियाण्यासाठी तुम्ही दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर ठेवता, पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर, आणि जमले नाही तर फुलोऱ्यात वीस-पंचवीस दिवसांचा फरक पाडता. मादी ओळींचे तुरे वेळेवर खुडता. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातला शेतकरी यातले काहीच करत नाही, कारण त्याला त्याची गरजच नसते. शेजाऱ्याचे कणीस आवडले की चार दाणे मागून आणायचे आणि आपल्या रानात मिसळायचे, हीच त्याची वाण सुधारण्याची रीत. मेक्सिकोतल्या ५९ स्थानिक मका-वंशांची विविधता अशाच देवघेवीतून टिकली आहे.

आता दाणा आणि बियाणे यांच्यातला फरक. तो पावतीवर असतो, दाण्यात नसतो. पशुखाद्याच्या पोत्यातला अख्खा मका उगवतो. ट्रकमधून सांडलेला उगवतो. स्वस्त धान्याच्या दुकानातून आणलेला कुणी कुतूहलाने पेरला तरी उगवतो. २००१ मध्ये ओआहाकाच्या स्थानिक मक्यात जीएम जनुकांचे अंश सापडल्याचा शोधनिबंध आला. त्याच्या काही निष्कर्षांवर जोरदार वाद झाला, पण तेव्हा मेक्सिकोत जीएम मका पेरायला बंदी होती, तरीही अंश शेतात कसे आले, हा प्रश्न उरलाच. २००४ मध्ये तिन्ही देशांच्या पर्यावरण सहकार्य आयोगाने साधा उपाय सुचवला: आयात मका देशात शिरताच दळून टाका. पीठ उगवत नाही. हा उपाय व्यापारी अटींपेक्षा किती नेमका आहे पाहा! जिथून धोका शिरतो तीच वाट तो बंद करतो. दळलेला मका फार दिवस टिकत नाही आणि खर्च वाढतो, म्हणून तो मागे पडला.

भेसळ डोळ्यांना दिसत नाही, ही दुसरी अडचण. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला तर त्याच कणसात पिवळे दाणे उठून दिसतात, हे तुम्ही पाहिले असेलच. बीटी (अळीला मारणाऱ्या) किंवा तणनाशक-सहनशील जनुकाला असा रंग नसतो. शेतकरी चांगले कणीस निवडतो आणि नकळत तेच जनुक पुढे नेतो.

म्हणून आमच्या मते मेक्सिकोची खरी लढाई बियाण्याची होती, तोर्तियाची नव्हे. ती लढाई त्यांनी घरात चांगली लढवली. शेतकरी आणि संघटनांच्या सामूहिक दाव्यावरून २०१३ पासून न्यायालयाने जीएम मक्याच्या लागवडीचे परवाने रोखले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. पॅनेलच्या निकालानंतर, १७ मार्च २०२५ रोजी घटनेच्या चौथ्या आणि सत्ताविसाव्या कलमात दुरुस्ती झाली: मका हा राष्ट्रीय ओळखीचा भाग आहे आणि त्याची लागवड जीएममुक्तच राहील. आयातीवर बंदी नाही, पेरणीवर आहे.

ग्लायफोसेटवरच्या बंदीचे पुढे काय झाले? ते कर्करोगकारक आहे की नाही, एकदाचे सांगा. — वाचक, कोल्हापूर

मेक्सिकोत बंदीची तारीख आधी जानेवारी २०२४ होती, मग ३१ मार्च २०२४ झाली, आणि ती उजाडण्याच्या काही दिवस आधी सरकारने सांगितले की पुरेसा पर्याय हाती नाही, म्हणून बंदी पुढे ढकलली आहे. मधल्या काळात आयातीचा कोटा दरवर्षी कापला जात होता. म्हणजे औषध कमी होत गेले, पण निंदणीला मजूर, यंत्रे किंवा दुसरी पद्धत त्या वेगाने आली नाही.

कर्करोगाबद्दल दोन संस्थांची दोन उत्तरे आहेत, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या २-ए गटात टाकले. हा गट पदार्थाच्या अंगी धोका आहे का एवढेच सांगतो. रोज किती अंश पोटात गेला तर प्रत्यक्ष जोखीम किती, हे नियामक संस्था पाहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते कर्करोगकारक असण्याची शक्यता नाही असे म्हटले, आणि युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मान्यता दिली. फवारणाऱ्याच्या अंगावर पडणारे प्रमाण आणि खाणाऱ्याच्या ताटात येणारे प्रमाण यांत फार मोठे अंतर आहे. फवारणाऱ्याने हातमोजे, बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा टाळण्याचे कोणतेही कारण आम्हाला मान्य नाही.

बंदी घाईने आणली की काय होते, त्यासाठी श्रीलंकेकडे पाहा. २०१५ मध्ये तिथे ग्लायफोसेट बंद झाले. चहाच्या मळ्यांत तण माजले, काहींनी एमसीपीए हे दुसरे तणनाशक वापरले. जपानने चहात त्याच्या अंशाची मर्यादा फार खाली ठेवलेली होती, म्हणून तिथल्या खरेदीदारांकडून तक्रारी सुरू झाल्या. एक औषध बंद केले आणि दुसऱ्याच्या अंशाने निर्यात अडली. २०१८ मध्ये चहा आणि रबरासाठी बंदी उठली, २०२२ मध्ये पूर्णच.

जे बियाणे अमेरिकेत उघड विकते ते इथे ‘चोरबीटी’ म्हणून का घ्यावे लागते? निंदणीची मजुरी परवडत नाही हो. — कापूस उत्पादक, वणी, जि. यवतमाळ

मजुरीचे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारे बीटी कापसाचे बियाणे, उघडपणे पेरले, त्यामागे हीच अडचण होती. पण कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. २००२ पासून आपल्याकडे बीटी कापसालाच व्यापारी लागवडीची परवानगी आहे, तणनाशक-सहनशील कापसाला नाही. शिवाय ग्लायफोसेटची शिफारस चहा आणि पिकाबाहेरच्या जागेपुरती आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीड-नियंत्रकाकडूनच वापरायचे आहे.

चोरबीटीत तुमचे नुकसान कुठे होते ते सांगतो. पक्के बिल नाही, म्हणजे उगवण झाली नाही तर दाद कुठेच नाही. पाकिटात साधे बीटी मिसळलेले असते; तुम्ही ग्लायफोसेट मारता आणि सरीतली दर चौथी-पाचवी झाडे जळतात. वाऱ्याने उडालेला फवारा शेजाऱ्याच्या तुरीवर गेला तर भांडण वेगळेच. सेंद्रिय कापसाच्या साखळीत असाल तर जीएम सापडताच माल बाहेर.

मग करायचे काय? पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, पेंडीमिथॅलिन ३८.७ टक्के सीएस एकरी ६०० ते ७०० मिली, २०० लिटर पाण्यातून. ओल नसेल तर ते काम करत नाही, आणि बहुतेक तक्रारी इथेच उगवतात. ढेकळे राहिली तरी थर सलग बसत नाही. पुढे तण दोन ते चार पानांवर असताना रुंद पानांच्या तणासाठी पायरीथायोबॅक सोडियम १० टक्के ईसी एकरी २५० ते ३०० मिली. गवतवर्गीय तणासाठी क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के ईसी, एकरी ४०० मिली. तण सहा पानांवर गेले की औषधाला दोष देऊ नका, वेळ गेलेली असते. मधल्या ओळींत डवरणी दोनदा केली तर हाताची निंदणी ओळीतल्या पट्ट्यापुरती उरते. फवारणीआधी लेबल वाचून घ्या.

आम्ही जीएममुक्त सोयापेंड युरोपला पाठवू इच्छितो. आमच्याकडे पट्टीची चाचणी आहे, ती ‘नाही’ दाखवते. तेवढे पुरेल का? — व्यापारी, लातूर

पेंडीसाठी अजिबात पुरणार नाही. पट्टी विशिष्ट प्रथिन ओळखते: नमुना दळायचा, पाणी किंवा बफर घालून हलवायचा, पट्टी बुडवून पाच-दहा मिनिटे थांबायचे. एक रेघ म्हणजे चाचणी चालली, दोन रेघा म्हणजे प्रथिन सापडले. पण पेंड तयार होताना उष्णता लागते, प्रथिनाचा आकार बिघडतो आणि पट्टीला ते दिसत नाही. पेंडीला डीएनएवरची पीसीआर चाचणीच हवी. पट्टी कच्च्या सोयाबीनवर, कारखान्याच्या फाटकातच वापरा, आणि लक्षात ठेवा की ती ज्या प्रथिनासाठी बनवली त्याच्याखेरीज काही सांगत नाही.

नमुना किती घ्यावा, इथे सर्वाधिक चुका होतात. लॉटमध्ये एक टक्का भेसळ असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असेल तर सुमारे ३०० दाणे लागतात. ०.१ टक्का पकडायची तर सुमारे ३,०००. मूठभर दाणे एकाच पोत्यातून घेतले तर हा हिशेब कोसळतो. थप्पीच्या वरून, मधून, तळातून, वेगवेगळ्या पोत्यांतून नमुने काढा आणि एकत्र करून मगच दळा. दळणयंत्र दोन नमुन्यांमध्ये पुसून घ्या, आधीच्या पिठाची धूळसुद्धा पीसीआरला पुरते.

युरोपात मान्यताप्राप्त जीएमचा अंश ०.९ टक्क्यांपर्यंत अनवधानाने आला तर लेबल लागत नाही. मान्यता नसलेला प्रकार अन्नात सापडला तर मात्र शून्य सहनशीलता. जून २०२१ मध्ये फ्रान्सने भारतातून आलेल्या कणी तांदळात जीएमचा अंश असल्याचे कळवले. भारताने आपल्याकडे जीएम तांदूळ पिकवलाच जात नाही असे सांगितले, तरी त्या तांदळाचे पीठ गेलेला माल बाजारातून मागे घ्यावा लागला. निर्यातदार देशात मान्य पण आयातदार देशात अमान्य, हीच जगातल्या निम्म्या तंट्यांची जागा. २०१३ मध्ये चीनने अमेरिकी मक्याची जहाजे एमआयआर१६२ या एका जीएम प्रकारासाठी परत लावली. ते बियाणे विकणाऱ्या सिंजेंटाला पुढे शेतकऱ्यांशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणून करारात ‘जीएममुक्त’ एवढेच लिहू नका. कोणती चाचणी, कोणती प्रयोगशाळा, किती टक्के, आणि बंदरावरचा निकाल वेगळा आला तर कुणाचा धरायचा, हे लिहून घ्या.

जीएम अन्न भारतात येऊ देत नाहीत, मग २०२१ मध्ये जीएम सोयापेंड कशी आली? — कुक्कुटपालक, अलिबाग

खाद्याचे भाव भडकले होते, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन पेंडीला परवानगी मिळाली. गाळलेली, तेल काढलेली पेंड उगवू शकत नाही, हा त्यामागचा आधार. मेक्सिकोला सुचवलेला दळण्याचा उपाय तो हाच. अख्ख्या दाण्याचे तसे नाही. आणि माणसाच्या अन्नासाठी २४ पिकांच्या आयातीबरोबर जीएम नसल्याचा दाखला १ मार्च २०२१ पासून लागतो, एक टक्क्यापर्यंतच्या अपघाती अंशाची सूट धरून. अमेरिकेने याही नियमाला जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली आहे. त्यामुळे या दाखल्यामागचे आपले मूल्यमापन आणि कागद आजच पक्के करून ठेवले पाहिजेत. तंटा उभा राहिल्यावर ते लिहायला बसलो तर मेक्सिकोसारखीच गत होईल.

इथे डॅलसमध्ये मक्याचे पीठ घेताना जीएम आहे का हे कसे ओळखावे? — गृहिणी, टेक्सस

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत ‘बायोइंजिनिअर्ड’ असा उल्लेख किंवा चिन्ह सक्तीचे आहे, पण काही ठिकाणी ते फक्त क्यूआर कोडमागे असते. तो स्कॅन करून पाहा. तेल आणि साखर यांसारख्या फार शुद्ध केलेल्या पदार्थांत जनुकाचा अंश सापडत नसेल तर उल्लेख लागत नाही. नक्की टाळायचेच असेल तर सेंद्रिय प्रमाणपत्राचे पीठ घ्या. भाकरीसाठी तोर्तियाचे चुनवणीचे पीठ आणू नका, त्याची चव आणि चिकटपणा वेगळा असतो. साधे बारीक दळलेले मक्याचे पीठ मागा.